इंडोनेशियातील पेसांत्रेन : अभ्यासक्रम आधुनिक करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न — शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी

नमस्कार. तौलनिक शिक्षण या विषयातील प्रबंधासाठी मी सध्या इंडोनेशियातील पेसांत्रेन, म्हणजे परंपरेने चालत आलेली निवासी इस्लामी विद्यालये, यांच्या अभ्यासक्रमाविषयी वाचते आहे. ज्यांनी हा विषय पूर्वी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेसांत्रेनचा प्रमुख कियाई, तेथे राहून शिकणारा विद्यार्थी सांत्री, आणि शिक्षणाचा गाभा म्हणजे ‘किताब कुनिंग’ या नावाने ओळखले जाणारे जुने अरबी ग्रंथ : व्याकरण, फिक्ह म्हणजे धर्मशास्त्रीय आचारनियम, कुराणावरील भाष्य, हदीस आणि अध्यात्म. धार्मिक व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत अशी तीस हजारांहून अधिक विद्यालये आहेत आणि त्यांचे आकार, पंथ व शिस्त यांत इतका फरक आहे की त्यांना एकाच नावाने संबोधणेही कधीकधी धाडसाचे वाटते.

माझी अडचण अशी आहे. आधुनिकीकरणाविषयी जे लिहिले गेले आहे त्यातील बराचसा भाग १९७५ च्या तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाभोवती फिरतो. धर्म, शिक्षण आणि गृह या तीन खात्यांच्या मंत्र्यांनी मिळून काढलेल्या त्या आदेशाने मदरशांमध्ये, म्हणजे इयत्तावार चालणाऱ्या इस्लामी शाळांमध्ये, धार्मिक विषय किमान ३० टक्के ठेवून उरलेला वेळ सामान्य विषयांना देण्याची व्यवस्था केली आणि त्या बदल्यात मदरशाचे प्रमाणपत्र सरकारी शाळेच्या प्रमाणपत्राच्या बरोबरीचे मानले. पुढे अनेक कियाईंनी आपल्या आवारातच असा मदरसा किंवा सामान्य शाळा उघडली. हे यश आहे असे सगळेच लिहितात. परंतु अशा ठिकाणचे दिवसाचे वेळापत्रक पाहिले की दिसते ते असे : पहाटेच्या नमाजनंतर ग्रंथपाठ, सकाळी सातपासून दुपारपर्यंत शाळा, दुपारी पुन्हा धार्मिक वर्ग, आणि सूर्यास्तानंतर व रात्रीच्या नमाजनंतर पुन्हा ग्रंथपाठ. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हे कसे पेलायचे, हा प्रश्न मला कुठेच नीट विचारलेला दिसत नाही.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारते. विषयांची भर घालणे म्हणजेच आधुनिकीकरण असे मानणे बरोबर आहे का? या बदलाची सुरुवात खरोखर सरकारने केली का? आणि जुने ग्रंथ शिकवण्याच्या रीतीत असे काही आहे का, जे वेळेच्या ओढाताणीत हातचे जाईल?

पहिले उत्तर — इतिहासाचा अभ्यासक

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर स्पष्ट आहे : नाही, सुरुवात सरकारने केली नाही, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय कियाईंचा सरकारी योजनांविषयीचा संशय समजणार नाही.

पूर्व जावातील जोंबांगजवळचे तेबुइरेंग हे पेसांत्रेन हाशिम अश्अरी यांनी १८९९ मध्ये स्थापन केले. हेच गृहस्थ पुढे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नहदलातुल उलमा या संघटनेचे अध्वर्यू झाले, म्हणजे परंपरेच्या बाजूने उभे राहणारा यापेक्षा मोठा माणूस त्या काळात शोधून सापडणार नाही. तरीही त्यांच्याच पेसांत्रेनमध्ये १९१६ पासून इयत्तावार वर्ग सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत गणित, भूगोल व मलय भाषा यांचा समावेश झाला. १९३० च्या दशकात त्यांचे चिरंजीव वाहिद हाशिम यांनी तेथेच ‘निझामिया’ नावाचा मदरसा काढला आणि त्यात जवळजवळ ७० टक्के वेळ सामान्य विषयांना दिला. १९७५ च्या आदेशातील प्रमाण आणि हे प्रमाण यांतील साम्य पाहण्यासारखे आहे. जे सरकारने नंतर कागदावर आणले ते एका कियाईच्या मुलाने चार दशके आधी, स्वतःच्या वडिलांच्या अंगणात आणि स्वतःच्या हिमतीवर करून पाहिले होते. हेच वाहिद हाशिम स्वातंत्र्यानंतर धार्मिक व्यवहार मंत्री झाले.

विरोध झालाच नाही असे मात्र नाही. बाक आणि फळा यांकडेही डच शाळांचे अनुकरण म्हणून पाहिले जाई. या भीतीला कारणही होते. डच वसाहत सरकारने १९०५ मध्ये जावा आणि मदुरा येथील धर्मशिक्षकांसाठी एक वटहुकूम काढला होता, ज्यानुसार शिकवण्याआधी लेखी परवानगी घेणे आणि विद्यार्थ्यांची व शिकवल्या जाणाऱ्या विषयांची नोंद ठेवणे बंधनकारक होते. १९२५ मध्ये परवानगीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरले, परंतु देखरेखीची आठवण राहिली. ज्या समाजाने ‘अभ्यासक्रमाची माहिती सादर करा’ हे वाक्य प्रथम परक्या राज्यकर्त्याच्या तोंडून ऐकले, त्याने स्वतंत्र देशाच्या अधिकाऱ्याकडून तेच वाक्य ऐकल्यावर सावध व्हावे, यात मला काही गैर वाटत नाही.

दुसरी वाट गोंतोरची. पोनोरोगो येथील या पेसांत्रेनचा तीन भावांनी १९२६ मध्ये पुन्हा पाया घातला आणि १९३६ मध्ये तेथे शिक्षक घडवणारा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. गोंतोरने दोन शाळा एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. धार्मिक व सामान्य विषय एकाच वेळापत्रकात बसवले, अरबी व इंग्रजी या रोजच्या बोलण्याच्या भाषा केल्या, आणि जुन्या ग्रंथांच्या जागी बऱ्याच अंशी स्वतः तयार केलेली पाठ्यपुस्तके आणली. एखाद्या एका मजहबच्या, म्हणजे फिक्हच्या संप्रदायाच्या, चौकटीत न राहता तुलनात्मक फिक्ह शिकवण्याचा त्यांचा आग्रहही त्या काळात नवा होता. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की इतके सगळे करूनही इंडोनेशियाच्या सरकारने त्यांच्या प्रमाणपत्राला मान्यता दिली ती १९९८ आणि २००० मध्ये, आधी धर्मखात्याने आणि मग शिक्षणखात्याने. तोवर तेथून उत्तीर्ण झालेल्या मुलाला परदेशातील इस्लामी विद्यापीठात प्रवेश मिळणे सोपे आणि स्वतःच्या देशातील विद्यापीठात अवघड, अशी स्थिती होती.

तेव्हा बदलाच्या निदान तीन परंपरा आहेत आणि १९७५ चा आदेश त्यांतील एकाच परंपरेला लागू पडतो. लिरबोयो किंवा सिदोगिरी यांसारखी मोठी पेसांत्रेन, ज्यांनी ग्रंथकेंद्री अभ्यासक्रम हट्टाने जपला, ती या चर्चेत ‘मागे राहिलेली’ म्हणून येतात. ते वर्णन मला मान्य नाही, पण त्याविषयी ज्यांना ग्रंथांची माहिती अधिक आहे त्यांनी लिहावे.

दुसरे उत्तर — अरबीचे अध्यापक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण वेळापत्रकावर लिहिणारे लोक वर्गात नेमके काय घडते याकडे फारसे पाहत नाहीत.

पेसांत्रेनमध्ये शिकवण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. बांदोंगानमध्ये कियाई ग्रंथ वाचत, अर्थ सांगत जातात आणि भोवती बसलेले शेकडो सांत्री आपापल्या प्रतीत टिपणे करतात. सोरोगानमध्ये एकेक सांत्री पुढे येऊन स्वतः वाचून दाखवतो आणि चुकला तर तिथल्या तिथे थांबवला जातो. ग्रंथ स्वरचिन्हांशिवाय छापलेला असतो, त्यामुळे प्रत्येक शब्दाचा शेवट कसा उच्चारायचा हे वाक्यरचना समजल्याशिवाय ठरवताच येत नाही. सांत्री काय करतो, तर दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत, अरबी अक्षरांत लिहिलेल्या जावानीज भाषेत, प्रत्येक शब्दाखाली तिरक्या बारीक अक्षरांत त्याचा अर्थ टांगतो. त्या अर्थाच्या आधी तो एक खुणेचा शब्द लिहितो : उद्देश्य असेल तर ‘उतावी’, विधेय असेल तर ‘इकू’, कर्ता माणूस असेल तर ‘सोपो’, वस्तू असेल तर ‘ओपो’, कर्म असेल तर ‘इंग’. म्हणजे भाषांतर आणि वाक्याचे पृथक्करण एकाच वेळी, एकाच लेखणीने होते. एका पानाला तास लागतो, परंतु ते पान वाचून झालेल्या मुलाला त्या पानातील एकही शब्द अंदाजाने ओलांडता येत नाही. काळजीपूर्वक वाचण्याची याहून कडक तालीम मला कोणत्याही आधुनिक वर्गात दिसलेली नाही, आणि शाळेचे तास वाढले की सर्वांत आधी कात्री लागते ती सोरोगानलाच, कारण एकेका मुलासाठी वेळ देणे ही सगळ्यात महाग गोष्ट आहे.

असे असले तरी जुनी रीत जशीच्या तशी ठेवावी, असे माझे म्हणणे नाही. व्याकरणाची मूलतत्त्वे समजायला पूर्वी कित्येक वर्षे जात आणि इब्न मालिक यांचे सुमारे हजार ओळींचे पद्यबद्ध व्याकरण आधी पाठ व्हायचे, मग केव्हातरी समजायचे. जेपारा येथील एका कियाईंनी या शतकाच्या सुरुवातीला ‘अम्सिलाती’ नावाची क्रमिक पद्धत तयार केली, जिच्यात नियमाआधी उदाहरणे येतात, आवश्यक तेवढ्याच ओळी निवडलेल्या असतात आणि मूल काही महिन्यांत स्वरचिन्हांविना मजकूर वाचू लागते. ती पुष्कळ पेसांत्रेननी स्वीकारली. हे आधुनिकीकरण आहे की नाही? माझ्या मते निःसंशय आहे, आणि त्यात एकही नवा विषय आलेला नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. गणित आणि विज्ञान बाहेरून आणण्याआधी ते आत कुठे आहे हे पाहावे, असे मला वाटते. वारसाहक्काचे शास्त्र, म्हणजे फराइद, हे संपूर्णपणे अपूर्णांकांचे शास्त्र आहे. एक नेहमीचे उदाहरण घ्या. निपुत्रिक स्त्री वारली; मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी आहेत. नियमानुसार पतीचा वाटा निम्मा आणि बहिणींचा मिळून दोन तृतीयांश. छेद सहा घेतला तर तीन आणि चार मिळून सात होतात, म्हणजे वाटे मालमत्तेपेक्षा जास्त भरतात. यावर शास्त्रकारांनी तोडगा काढला तो असा की छेदच सहावरून सातावर न्यायचा : पतीला सातांपैकी तीन भाग, बहिणींना चार भाग, आणि प्रत्येकाचा वाटा त्याच प्रमाणात कमी झाला. ही कल्पना ज्याला कळली त्याला गुणोत्तर कळले. पण बऱ्याच ठिकाणी हा तक्ता पाठ करून घेतला जातो, आणि शेजारच्या खोलीत तोच मुलगा शाळेच्या पुस्तकातील अपूर्णांक स्वतंत्रपणे, जणू दुसऱ्याच जगातील गोष्ट म्हणून शिकत असतो.

खगोलाचेही तसेच. चंद्रदर्शन व नमाजच्या वेळा काढण्यासाठी ‘इल्म फलक’ शिकवले जाते आणि काही ठिकाणी आजही लाकडी चतुर्थांश-वर्तुळावर दोरा धरून ज्या, म्हणजे साइन, वाचायला शिकवतात. रमजान केव्हा सुरू करायचा यावर गणिताला प्रमाण मानणारी मुहम्मदिया ही संघटना आणि प्रत्यक्ष चंद्रदर्शनाला प्रमाण मानणारी नहदलातुल उलमा यांच्यात मतभेद होतात, तेव्हा त्या वादाच्या मुळाशी त्रिकोणमिती आणि निरीक्षणातील अचूकतेचा प्रश्न असतो. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगला धडा कुठून मिळणार? दोन्ही विषय शिकवणारी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, ही खरी उणीव आहे. विषयांची संख्या कमी आहे ही नव्हे.

फिक्हच्या बाबतीत काम अधिक अवघड आहे. सांत्री जो ‘फत्ह अल-मुईन’ हा ग्रंथ वाचतात तो सोळाव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावरील एका विद्वानाने लिहिला. आपल्याच देशातून गेलेला हा ग्रंथ जावाच्या खेड्यापाड्यांत पाठ्यपुस्तक व्हावा याचे मला नेहमी अप्रूप वाटते. त्यात जकातीचे, म्हणजे बंधनकारक धार्मिक दानाचे, नियम सोने, चांदी, गुरे, धान्य आणि व्यापारी माल यांच्या संदर्भात आहेत. पगारदार माणसाचे काय, विम्याचे काय, आभासी चलनाचे काय, हे त्यात असणार नाही. या प्रश्नांसाठी पेसांत्रेनची स्वतःची एक सभा आहे, ‘बहसुल मसाइल’, जिथे सांत्री ग्रंथांतील आधार शोधून आणतात आणि तासन् तास वाद घालतात. पूर्वी ग्रंथातील तयार मत सापडले की वाद मिटत असे. १९९२ मध्ये लांपुंग येथील परिषदेत नहदलातुल उलमाने ठरवले की तयार मत नसेल तर साधर्म्याने आणि तेही न जमले तर मजहबांच्या मूळ इमामांच्या विचारपद्धतीचा अवलंब करून निर्णय घेता येईल. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने पाहिले तर ही फार मोठी घटना आहे, कारण तिच्यामुळे केवळ ग्रंथ नव्हे, तर ग्रंथ ज्या रीतीने रचला गेला ती रीत शिकवणे आवश्यक ठरले. पाती जिल्ह्यातील काजेन येथील कियाई सहल महफूझ यांनी दारिद्र्य, आरोग्य आणि उपजीविका हे फिक्हचेच प्रश्न आहेत, अशी मांडणी आयुष्यभर केली, तीही याच दिशेची होती.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. वारसाहक्काचे उदाहरण मी कागदावर सोडवून पाहिले आणि ते प्रबंधात वापरण्याची परवानगी मागते आहे. आणखी दोन शंका आहेत. पहिली, ज्या पेसांत्रेनमध्ये सामान्य शाळा नाही तेथील मुलाला पुढे विद्यापीठात किंवा नोकरीत जायचे असेल तर त्याच्या हाती काय असते? दुसरी, आतापर्यंतच्या चर्चेत मुली आलेल्याच नाहीत, आणि माझ्या वाचनातही त्या शेवटच्या प्रकरणात येतात.

तिसरे उत्तर — शिक्षणविषयक कायद्यांची अभ्यासक

प्रमाणपत्राच्या शंकेचे उत्तर २०१९ पूर्वी एक होते आणि आता दुसरे आहे. पूर्वी अशा मुलाला समकक्षता परीक्षा, म्हणजे ज्यांना तेथे पाकेत अ, ब आणि क म्हणतात त्या, स्वतंत्रपणे द्याव्या लागत. २००० मध्ये दोन खात्यांनी मिळून पारंपरिक पेसांत्रेनमध्ये मोजके सामान्य विषय शिकवून सक्तीचे मूलभूत शिक्षण पूर्ण झाल्याचे मानण्याची सोय केली. २००३ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्यात पेसांत्रेनचा उल्लेख आला. मात्र २०१९ चा अठरावा कायदा हा खास पेसांत्रेनसाठीचा पहिला कायदा आहे, आणि त्याने तीन प्रकार सरळ मान्य केले : किताब कुनिंग शिकवणारे, गोंतोरच्या धर्तीचे, आणि सामान्य शिक्षणाशी जोडलेले. समकक्ष दर्जा मिळालेल्या ग्रंथकेंद्री पेसांत्रेनला सामान्य विषयांपैकी नागरिकशास्त्र, इंडोनेशियन भाषा, गणित आणि विज्ञान एवढे शिकवणे पुरेसे आहे. उच्च शिक्षणासाठी ‘माहद अली’ ही स्वतंत्र पदवी-व्यवस्था आहे.

मला या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती गुणवत्तेची जबाबदारी कोणाकडे आहे ही. प्रत्येक पेसांत्रेनमध्ये एक अंतर्गत मंडळ आणि राष्ट्रीय पातळीवर ‘मजलिस मशायिख’ हे कियाईंचे स्वतंत्र मंडळ निकष ठरवते. इतिहासाच्या अभ्यासकांनी १९०५ च्या वटहुकुमाची जी आठवण करून दिली, तिचे हे एक प्रकारे उत्तर आहे. तरी मी एक चिंता नोंदवून ठेवते. निकष ठरवणारे, तपासणारे आणि ज्यांची तपासणी व्हायची ते, असे सगळे एकाच परंपरेतील, अनेकदा एकमेकांचे विद्यार्थी आणि नातलग असतील, तर प्रतिकूल अहवाल लिहिण्याची हिंमत कोण करणार? कायद्याने स्वायत्तता दिली हे योग्यच झाले, परंतु अहवाल पालकांना वाचायला मिळतील अशी तरतूद त्याहून योग्य ठरेल.

मुलींविषयी. पश्चिम सुमात्रामधील पादांग पांजांग येथे रहमा अल युनुसिया यांनी १९२३ मध्ये मुलींसाठी दीनिया विद्यालय काढले, जेव्हा त्या स्वतः जेमतेम विशीत होत्या. कैरोच्या अल-अझहरने १९५७ मध्ये त्यांना ‘शेखा’ ही पदवी दिली, आणि त्यांची संस्था पाहून अल-अझहरनेच स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. जोंबांगजवळच्या देनान्यार येथेही कियाई बिस्री शंसुरी यांनी त्याच सुमारास मुलींचा वर्ग सुरू केला. म्हणजे प्रवेशाचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच हाताळला गेला. मजकुराचा प्रश्न राहिला. मुलींना विवाह आणि पतीच्या हक्कांविषयीचे तेच जुने ग्रंथ, त्याच टिपणांसह शिकवले जात होते. हे बदलण्याचे काम न्याई, म्हणजे पेसांत्रेनमधील विदुषी, यांनी हाती घेतले. २०१७ मध्ये चिरेबोन येथील एका पेसांत्रेनमध्ये इंडोनेशियातील स्त्री-उलमांची, म्हणजे धर्मपंडित स्त्रियांची, परिषद भरली आणि तिने बालविवाह, लैंगिक हिंसा आणि पर्यावरणाचा विनाश यांविषयी धर्ममते दिली. २०१९ मध्ये इंडोनेशियाने मुलींच्या विवाहाचे किमान वय सोळावरून एकोणीस केले. त्या बदलामागे न्यायालयाचा निर्णय आणि अनेक संघटनांचे प्रयत्न होते. पण ग्रंथांच्याच भाषेत बोलणाऱ्या विदुषी त्याच्या बाजूने उभ्या होत्या, याचे मोल मी कमी मानणार नाही. तुमच्या प्रबंधात मुली शेवटच्या प्रकरणात नव्हे, तर फिक्हच्या प्रकरणात याव्यात अशी माझी सूचना आहे.

चौथे उत्तर — माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षिका

चर्चा अतिशय चांगली आहे, तरीही मला एका मुद्द्यावर स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. अरबीच्या अध्यापकांनी गणित ‘आत’ आहे असे लिहिले. अपूर्णांक आहेत, मान्य. साइन आहे, तेही मान्य. परंतु वारसाहक्कातून बीजगणित येत नाही, चंद्रदर्शनातून संभाव्यता येत नाही, आणि पेशी, संसर्ग किंवा विद्युत यांविषयी त्या ग्रंथांत काहीही नाही. परंपरेतून जे सहज वर येते तेवढेच विज्ञान मुलाला मिळाले तर आपण मुलाच्या गरजेऐवजी ग्रंथाच्या सोयीने अभ्यासक्रम ठरवतो आहोत, असे होईल.

दुसरे असे की निवासी विद्यालयात मूल दहाव्या-बाराव्या वर्षी येते, ते स्वतः निवड करून नव्हे. त्यांतील फार थोडी मुले पुढे कियाई होतात. बहुतेक शेती, दुकान, कारखाना किंवा कार्यालय याच वाटेने जातात. त्यांना अठराव्या वर्षी वाट बदलावीशी वाटली तर ती बदलण्याइतके गणित आणि विज्ञान त्यांच्याजवळ असले पाहिजे, आणि ते शिकवणारा शिक्षक त्या विषयाचा असला पाहिजे. नुकतेच उत्तीर्ण झालेल्या ज्येष्ठ सांत्रीने सेवा म्हणून गणिताचा तास घ्यावा, ही पद्धत जिव्हाळ्याची असेल, पण तिच्यातून गणित शिकले जात नाही. चार विषय कागदावर असणे आणि चार विषय येणे यांत मोठे अंतर आहे, हे मी माझ्या शाळेतही रोज पाहते, जिथे शिक्षकांची कमतरता नाही.

अरबीचे अध्यापक

शिक्षिकाबाईंचा मुद्दा मला मान्य आहे, आणि माझे म्हणणे त्याने सुधारते. ग्रंथातील गणित हा प्रवेशाचा मार्ग म्हणून मी सुचवला; तो अभ्यासक्रमाची सीमा ठरू नये. ज्या मुलाने फराइदमधील छेद का वाढवला हे समजून घेतले आहे, त्याला बीजगणिताचा शिक्षक पुढे नेऊ शकतो, मात्र तो शिक्षक तेथे असला पाहिजे आणि त्याला कियाईंच्या बैठकीत बसायला जागा असली पाहिजे. आज अनेक ठिकाणी शाळेचे शिक्षक सकाळी येतात आणि दुपारी निघून जातात. सूर्यास्तानंतर मुलगा काय वाचतो हे त्यांना ठाऊक नसते, आणि कियाईंना सकाळी काय झाले हे ठाऊक नसते.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम राहीन. मुलाच्या दिवसातून काही काढायचे असेल तर सोरोगान काढू नका. बांदोंगानचे काही तास कमी करता येतील, कारण ध्वनिमुद्रण आणि छापील टिपणे यांनी त्यांची काही अंशी भरपाई होते, आणि अरबी ग्रंथांचे शोधता येण्याजोगे संगणकीय संग्रह आता सांत्रीही सर्रास वापरतात. एकाच विषयावरील तीन-चार ग्रंथ एकामागून एक वाचण्यातील पुनरुक्तीही टाळता येईल. समोर बसून, चुकत, दुरुस्त होत वाचण्याला पर्याय नाही, आणि आपण वाचतो आहोत ते खरे आहे की कोणी सोयीने तोडून दिलेले वाक्य आहे, हे ओळखण्याची सवय आजच्या मुलांना विज्ञानाइतकीच हवी आहे.

उदाहरण प्रबंधात अवश्य वापरावे; ते माझे नाही, शास्त्राचे आहे.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

सर्वांची ऋणी आहे. आता मी टक्केवारीची तुलना बाजूला ठेवते आहे. त्याऐवजी तिन्ही प्रकारच्या पेसांत्रेनमधील फराइदच्या प्रश्नपत्रिका मिळवून, त्यांत तक्ता किती विचारला जातो आणि कारण किती विचारले जाते, हे पाहणार आहे. त्याच्या जोडीला त्याच मुलांच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका, आणि मुलींच्या विभागात विवाहविषयक प्रकरण कोणत्या ग्रंथातून व कोणाकडून शिकवले जाते याची नोंद. प्रश्नपत्रिकांचा पेगोन लिपीतील, म्हणजे अरबी अक्षरांत लिहिलेल्या जावानीजमधील, मजकूर वाचण्यासाठी मदत करू शकणारे कोणी येथे असल्यास कृपया या धाग्यावरच कळवावे.